‘शंभरातले पंच्याऐंशी फादर-सिस्टर मनोरुग्ण’: एका व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

शाळाप्रवेशाचे दिवस आले की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला जेल रोडच्या एका सोसायटीतून आला, गंगापूर रोडच्या मैत्रिणीकडून आला, आणि आमच्याच धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) एका काकांनी ‘हे खरं आहे का गं?’ असं विचारत पाठवला. मेसेज म्हणतो: परदेशातल्या दोन मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केलंय की ८५ टक्के कॅथोलिक फादर आणि सिस्टर मनोरुग्ण असतात. कारण ब्रह्मचर्य. मुलांवर अत्याचार होतात ते याच आजारामुळे. चर्च मानसोपचार मानत नाही, प्रार्थनेवर भागवतं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर खडूस असतात त्याचंही मूळ हेच. तेव्हा मुलांना तिथे घालू नका.

मी समुपदेशक आहे, कॅथोलिक आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत फादर-सिस्टरही असतात. मेसेज धादांत खोटा असता तर उत्तर द्यायला सोपं होतं. पण त्यात खऱ्या अभ्यासांचे तुकडे आहेत आणि खऱ्या गुन्ह्यांची आठवण आहे. त्यांच्यावर उभा केलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो तर ज्यांना खरोखर मदत हवी आहे त्यांना. म्हणून एकेक मुद्दा सोडवून लिहिते.

‘दोन अभ्यासांनी सिद्ध केलंय, ८५ टक्के मनोरुग्ण’

१९७१ मध्ये रोमला बिशपांची सिनड, म्हणजे धर्मसभा, भरली. त्या निमित्ताने कॉनराड बार्स आणि ॲना तेरुवे या दोन मनोविकारतज्ज्ञांनी धर्मगुरूंच्या अवस्थेवर एक निबंध मांडला. बार्स अमेरिकेत काम करायचे, तेरुवेबाई नेदरलँड्समध्ये. दोघंही श्रद्धाळू कॅथोलिक. आधार होता तो त्यांच्या उपचारांतून गोळा झालेल्या सुमारे १,५०० धर्मगुरूंच्या नोंदींचा. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा: १० ते १५ टक्के धर्मगुरू मानसिकदृष्ट्या परिपक्व, ६० ते ७० टक्के भावनिकदृष्ट्या अपरिपक्व, २० ते २५ टक्के गंभीर मानसिक अडचणीत. मेसेज लिहिणाऱ्याने शंभरातून पंधरा वजा केले आणि उरलेल्या सगळ्यांवर ‘मनोरुग्ण’ असा शिक्का मारला. निबंध धर्मगुरूंबद्दल होता, तरी सिस्टरांनाही त्याच आकड्यात ओढलं.

पण ते १,५०० जण होते कोण? मनोविकारतज्ज्ञाच्या दारात मदतीसाठी आलेले. सिव्हिल हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डात उभं राहून नाशिककरांपैकी किती टक्के लोकांचे पाय मोडलेत ते मोजावं, तसं हे झालं. जे कधी त्या दारात आलेच नाहीत त्यांच्याबद्दल त्या नोंदी काही सांगू शकत नाहीत.

दुसरा अभ्यास जास्त गांभीर्याने घ्यावा असा आहे, कारण तो रुग्णांचा नव्हता. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले युजीन केनेडी आणि त्यांचे सहकारी व्हिक्टर हेक्लर यांनी २७१ अमेरिकी धर्मगुरूंच्या सखोल मुलाखती घेतल्या. अहवाल १९७२ मध्ये आला. अभ्यास करवून घेतला होता तो अमेरिकेच्या बिशपांनीच. त्यात ७ टक्के धर्मगुरू पूर्ण विकसित, १८ टक्के त्या वाटेवर, ६६ टक्के मधेच अडकलेले आणि ८ टक्के गंभीर बिघाड असलेले, अशी वर्गवारी निघाली. मेसेजमध्ये ६६ आणि ८ ची बेरीज करून तीही सगळी आजाऱ्यांची धरली आहे.

त्या ६६ टक्क्यांचं वर्णन वाचलं की चित्र बदलतं. वयाने वाढलेली पण मनाने किशोरवयात रेंगाळलेली माणसं. जवळची मैत्री जमत नाही. भावना विचारली की विचार सांगतात. ‘फादर’ ही भूमिका बाजूला ठेवून बोलायची वेळ आली की गडबडतात. ही माणसं रोज उठून मिस्सा (चर्चमधली रोजची उपासना) अर्पण करत होती, शाळा चालवत होती, मयतीला जात होती. त्यांच्यावर आजाराचं निदान कुणी केलं नव्हतं. केनेडींचं स्वतःचं म्हणणं होतं की अमेरिकेतले धर्मगुरू ही सामान्य माणसं आहेत. डॉक्टर, प्राध्यापक, बँक अधिकारी अशांचा तुलनेचा गट त्या अभ्यासात नव्हता. आपल्या आसपासच्या किती नवऱ्यांना ‘तुला काय वाटतंय?’ या प्रश्नाचं उत्तर देता येतं, हे समुपदेशनाच्या खुर्चीत बसणाऱ्या कुणालाही विचारा.

तुलनेचा प्रश्न रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात लुइजी रुला या जेझुइट संघातल्या मानसशास्त्रज्ञाने पुढे नेला. सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) आणि कॉन्व्हेंटमध्ये शिरणाऱ्या तरुणांची त्यांनी सामान्य कॉलेज विद्यार्थ्यांशी तुलना केली. आदर्श एक आणि आतली नकळत ओढ दुसरी, असा संघर्ष बहुसंख्यांमध्ये सापडला, दोन्ही गटांत सापडला.

आता आपल्याकडचा आकडा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १८ वर्षांवरच्या १०.६ टक्के भारतीयांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. फादर-सिस्टर याच समाजातून, याच घरांतून येतात. त्यांच्यात नैराश्य, चिंता, दारू नसती तर ते आश्चर्य ठरलं असतं.

उलट्या बाजूच्या आकड्यांनाही मी हीच फूटपट्टी लावते. स्टीफन रॉसेटी हे स्वतः धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांनी २,४८२ अमेरिकी धर्मगुरूंची पाहणी करून २०११ मध्ये लिहिलं की ९० टक्क्यांहून जास्त जण आपल्या जीवनात आनंदी आहेत आणि कामाचा थकवा सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी आहे. चांगली गोष्ट आहे. पण हे त्यांनी स्वतःबद्दल भरून दिलेलं आहे, आणि जो पार मोडलाय तो प्रश्नावली भरायला बसत नाही. तेव्हा ‘सगळे आनंदी’ असाही मेसेज कुणी बनवू नये.

‘मूळ कारण ब्रह्मचर्य, नैसर्गिक भूक मारली की मेंदू बिघडतो’

हे नाशिकमध्ये बसून लिहिलं जातंय याचं मला वाईट वाटतं. समर्थ रामदासांनी टाकळीला नंदिनीकाठी तप केलं ते याच गावात. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला शैव आखाडे उतरतात, तपोवनात वैष्णव, आणि ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या साधूंच्या पाया पडायला घरंच्या घरं जातात. तेच व्रत केरळच्या किंवा झारखंडच्या मुलीने पांढऱ्या साडीत घेतलं म्हणून तिचा मेंदू बिघडतो, असं म्हणायला आधार लागेल. तो नाही.

आहे तो पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संस्थेच्या ७५ वर्षांवरच्या ६७८ सिस्टरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातल्या १८० जणींनी तरुणपणी, व्रत घेतेवेळी, हाताने लिहिलेली छोटी आत्मवृत्तं संस्थेच्या कपाटात जपलेली होती. ज्यांच्या लिखाणात आनंद, कृतज्ञता, उत्सुकता जास्त होती त्या सरासरीने कितीतरी वर्षं जास्त जगल्या, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासातल्या एक सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण अखेरपर्यंत त्या स्मरणशक्तीच्या चाचण्या उत्तम सोडवत होत्या. जर्मनीत मार्क लुय यांनी बव्हेरियातल्या मठांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मठातले पुरुष बाहेरच्या पुरुषांपेक्षा जास्त जगतात असं दिसलं. यातून ‘ब्रह्मचर्याने आयुष्य वाढतं’ असं मी म्हणणार नाही. नियमित जेवण, वेळेवर झोप, म्हातारपणी सांभाळायला माणसं, हे सगळं त्यात आहे. पण ‘मेंदू बिघडतो’ हे तर नक्कीच दिसत नाही.

माझ्या मते या सगळ्या चर्चेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी. २०२२ मध्ये अमेरिकेच्या कॅथोलिक विद्यापीठाने ३,५१६ धर्मगुरूंची पाहणी केली. ७७ टक्के जणांचं एकूण बरं चाललेलं होतं. ४५ टक्क्यांमध्ये कामाने कोमेजून जाण्याचं एखादं तरी लक्षण होतं, तीव्र स्वरूपात ते ९ टक्क्यांमध्ये होतं. आता यात डोकावून पाहा: एखादं तरी लक्षण असण्याचं प्रमाण धर्मप्रांताच्या, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखाली काम करणाऱ्या, फादरांमध्ये ५० टक्के, तर जेझुइट, सलेशियन अशा संस्थांच्या फादरांमध्ये ३३. लग्न दोघांनीही केलेलं नाही. फरक आहे तो राहणीत. धर्मप्रांताचा फादर बहुधा एकटा राहतो, संस्थेचा फादर चार जणांत जेवतो.

सुरगाणा-पेठकडच्या एखाद्या मिशनवरची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. होस्टेलची मुलं जेवून झोपायला गेली. स्वयंपाकीण डबा झाकून घरी गेली. फादर तिशीतले, मंगळूरकडचे, मराठी शिकलेले, कोकणा बोली अजून अर्धीच कळते. दिवसभरात शंभर माणसं भेटली आणि प्रत्येकाला काहीतरी हवं होतं: दाखला, औषध, भांडणात मध्यस्थी, बोअरवेलसाठी सही. ‘फादर, तुम्ही कसे आहात?’ असं विचारणारं एकही नव्हतं. मोबाइलला रेंज यायला टेकाडापर्यंत जावं लागतं, आणि आईला फोन केला तर ती म्हणते, ‘तुझं बरं आहे, देवाच्या घरी आहेस.’ तिथे पहिली बाटली कशी येते, किंवा रात्र रात्र मोबाइल कसा चालू राहतो, हे समजायला मेंदूचा आजार शोधावा लागत नाही.

‘मुलांवर अत्याचार होतात ते याच आजारामुळे’

अत्याचार झालेत, आणि चर्चने ते लपवले. न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजच्या २००४ च्या अहवालानुसार १९५० ते २००२ या काळात अमेरिकेत ४,३९२ धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, म्हणजे त्या काळातल्या धर्मगुरूंपैकी सुमारे ४ टक्के. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनपुढे, म्हणजे सरकारी चौकशी आयोगापुढे, हे प्रमाण ७ टक्के आलं. फ्रान्समध्ये स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये १९५० पासूनच्या पीडित मुलांचा अंदाज २,१६,००० इतका दिला. यातला एकही आकडा मला सौम्य करायचा नाही.

पण आजारामुळे? जॉन जे कॉलेजचा २०११ चा दुसरा अहवाल नेमका याच प्रश्नावर आहे. आरोप झालेल्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांचं वागणं पीडोफिलियाच्या (लहान मुलांविषयीच्या लैंगिक ओढीच्या विकाराच्या) निदानाशी जुळत होतं. मानसिक चाचण्यांवरून अत्याचारी आणि बाकीचे वेगळे काढता येत नव्हते. ब्रह्मचर्याचा नियम शतकानुशतकं तोच आहे, पण अत्याचार १९६० च्या दशकात वाढले, १९७० च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यात जास्त झाले आणि नंतर घटले. न बदललेल्या गोष्टीने हा चढउतार समजावता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने २०१७ मध्ये थोडं वेगळं म्हटलं: सक्तीचं ब्रह्मचर्य हे थेट कारण नाही, पण गुप्तता, बंदिस्तपणा, फादरला देव मानणं अशा गोष्टींची जोड मिळाली की ते धोका वाढवतं. मला हे म्हणणं पटतं, आणि आमच्या चर्चने ते ऐकून घ्यायला हवं असं वाटतं.

आता मेसेज लिहिणाऱ्याने न पाहिलेली बाजू. गुन्ह्याला आजार म्हणायची चूक बिशपांनीच आधी केली आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत १९४७ मध्ये अडचणीतल्या धर्मगुरूंसाठी एक केंद्र सुरू झालं. त्याचे संस्थापक फादर जेराल्ड फिट्झजेराल्ड बिशपांना पत्रांवर पत्रं लिहीत होते की मुलांवर हात टाकलेल्यांना पुन्हा कामावर पाठवू नका. ऐकलं गेलं नाही. पुढची काही दशकं ‘आजारी होता, बरा होऊन आलाय’ म्हणून माणसं एका धर्मग्रामातून दुसऱ्यात गेली आणि तिथल्या मुलांचा घात झाला. मनोरुग्ण हा शब्द इथे गुन्हेगाराला पळवाट देतो. आणि जो खरोखर नैराश्याने खंगलाय, ज्याने कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही, त्याच्याकडे मात्र लोक संशयाने बघायला लागतात.

पालकांनी विचारायचंच असेल तर शाळेला, कुठल्याही शाळेला, हे विचारा: मुलाशी एकट्याने बोलायच्या खोलीच्या दाराला काच आहे का? होस्टेलमध्ये रात्री कोण असतं? तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना माहीत आहे का? २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे शाळेतल्या शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना सांगितलं गेलंय का? पोप फ्रान्सिस यांनी २०१९ पासून फादर-सिस्टरांवर चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचंही बंधन घातलं आहे, पण ते पोलिसांना कळवण्याच्या ऐवजी नाही.

‘चर्च मानसोपचार मानत नाही’

चुकीचं आहे. चर्चच्या कायद्यातच, कलम ६४२ मध्ये, संस्थेत घेण्याआधी उमेदवाराची तब्येत, स्वभाव आणि परिपक्वता तपासावी आणि गरज पडल्यास तज्ज्ञांची मदत घ्यावी असं आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये लिहिलं की माणूस म्हणून घडणं हा धर्मगुरूच्या सगळ्या प्रशिक्षणाचा पाया आहे. २००८ मध्ये व्हॅटिकनने सेमिनरीत मानसशास्त्राचा वापर कसा करावा याची मार्गदर्शिकाच काढली. सरसकट सगळ्यांची चाचणी घ्या असं ती म्हणत नाही. गरज असेल तिथे, उमेदवाराच्या स्वखुशीच्या संमतीने घ्या म्हणते. लांब कशाला जायचं, १९७० च्या दशकात आपल्या महाराष्ट्रातच, आधी पुण्याला आणि मग लोणावळ्याला, फादर टोनी डिमेलो यांची ‘साधना’ संस्था फादर-सिस्टरांना समुपदेशन शिकवत होती. इथे कॉलेज रोडच्या बाजूला सलेशियनांचं ‘दिव्यदान’ आहे, तिथे तत्त्वज्ञान शिकणाऱ्या ब्रदरांशी दहा मिनिटं बोला, फ्रॉइड त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. नियम कागदावर चांगला आहे, पण अंमलात घाई आहे. झारखंडच्या खेड्यातून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे शेकडो प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली ठेवलेली मी पाहिली आहे. तिने प्रत्येक उत्तर ‘सिस्टरांना काय आवडेल’ असा विचार करून भरलं. अशा चाचण्यांत स्वतःला चांगलं दाखवण्याची धडपड पकडणारी मोजपट्टी असते, आणि धर्मजीवनात येऊ पाहणाऱ्यांमध्ये ती जरा वरच जाते. ती पाहून त्या मुलीशी तिच्या भाषेत तासभर बोलायला हवं होतं. कुणी बोललं नाही. नियमाप्रमाणे पुढे किमान बारा महिन्यांचं नॉव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ, मग किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं. माणूस ओळखायला वेळ भरपूर असतो. तो कामात जातो. होस्टेलला वॉर्डन हवी असते, मुलगी मेहनती असते, आणि कायमची व्रतं कधी आली ते कुणालाच कळत नाही.

‘सिस्टर खडूस असतात, त्याचं मूळ हेच’

कडक शिस्तीची बाई म्हणजे व्यक्तिमत्त्वविकाराची रुग्ण नव्हे. तो विकार ठरवायला तरुणपणापासून चालत आलेला, घरी-दारी सगळीकडे दिसणारा आणि स्वतःला किंवा इतरांना सतत त्रास देणारा स्वभाव लागतो, आणि तज्ज्ञाने तो बराच काळ पाहावा लागतो. शाळेच्या गेटवर उशिरा आलेल्या पालकाला झालेलं दर्शन त्यासाठी पुरत नाही.

मात्र स्वभावाच्या अडचणी आमच्या संस्थांमध्ये कशा लपतात यावर बोलायला हवं. ज्याला सतत कौतुक लागतं त्याला झगा घातला की ते आपोआप मिळतं. बोलणं अडवणारं कुणी नसतं, आणि दहा वर्षांत त्याला विरोध म्हणजे देवाला विरोध वाटायला लागतो. जिला स्वतःचा निर्णय घ्यायची भीती वाटते तिची ‘आज्ञाधारक’ म्हणून स्तुती होते. जी एकच पाप पुन्हा पुन्हा कन्फेशनमध्ये सांगते, हात धुतल्यासारखं मन धुवत राहते, तिला ‘फार भक्तिमान’ म्हणतात, आणि मंत्रचळाचा (ओसीडीचा) उपचार वीस वर्षं लांबतो. बाहेरच्या जगात बायको, मुलं, साहेब कुणीतरी आरसा दाखवतं. इथे बदली होते, आणि अडचण नव्या कॉन्व्हेंटमध्ये नव्याने सुरू होते.

आणि ज्या सिस्टर चिडचिड्या दिसतात त्यांचा दिवस कुणी पाहिलाय? पाचच्या आत उठणं, ध्यान, मिस्सा, शाळा, शाळेनंतर फीचे हिशोब, होस्टेल, संध्याकाळची प्रार्थना, आणि रात्री त्याच पाच जणींबरोबर जेवण, ज्यांतल्या एकीशी सहा महिने अबोला आहे. व्हॅटिकनच्या दैनिकाच्या महिला पुरवणीनेच मार्च २०१८ मध्ये छापलं की बिशपांच्या, फादरांच्या घरी सिस्टर स्वयंपाक-धुणी करत बिनमोबदला राबतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांसमोर मान्य केलं की फादर-बिशपांनी सिस्टरांवर लैंगिक अत्याचार केले आहेत. या बायकांना खडूस म्हणून हसण्याआधी त्यांच्या अंगावर काय पडतं ते पाहिलं पाहिजे.

आणि आमच्या बाजूचा मेसेज

वरच्या मेसेजला उत्तर म्हणून आमच्या कॅथोलिक ग्रुपांवर दुसरा एक फिरतो. बाळ येशूच्या फोटोखाली लिहिलेलं असतं: ज्यांना देवाने बोलावलं त्यांना डिप्रेशन येत नाही, त्यांची प्रार्थनाच त्यांचं औषध. प्रेमाने लिहिलेला आहे, पण तोही तितकाच खोटा आहे आणि माझ्या कामात मला त्याचाच जास्त अडथळा होतो. नाशिकरोडचं बाळ येशू मंदिर ज्या जेझुइटांचं, त्यांचे संस्थापक संत इग्नेशियस १५२२ मध्ये मनरेसा गावी अपराधभावाने इतके पोळले होते की जीव द्यावासा वाटत होता. ते त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. त्यांची प्रार्थना कमी पडली होती असं कुणी म्हणत नाही.

एक सिस्टर माझ्याकडे आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. झोप गेलेली, वजन उतरलेलं, वर्गात शिकवता शिकवता रडू यायचं. औषधाची गरज होती, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मी बरी होईन का, असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘बिलावर काय लिहितील?’ बिल हिशोबाच्या सिस्टरकडे जाणार, तिथून मदरकडे, आणि मग जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही तरी सगळ्यांना कळलेलं असणार. पुढच्या बदलीच्या यादीत नाव कुठे जाईल ते त्या बिलावर ठरेल, ही भीती. त्यांच्या खेड्यात लहानपणी कुणी विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणायचे, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. तेच वाक्य आता त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्यांच्याही मोबाइलवर तो ८५ टक्क्यांचा मेसेज आलेला होता, एका माजी विद्यार्थिनीच्या पालकाकडून.

सोडून जावं तर कुठे? चर्चच्या कायद्याचं कलम ७०२ सांगतं की संस्था सोडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संस्थेने न्यायाने आणि प्रेमाने वागावं, एवढंच पुढे म्हटलंय. पंचवीस वर्षं शिकवून बाहेर पडलेल्या बाईच्या हातात काय द्यायचं ते संस्थेच्या मनावर. हे माहीत असलेली सिस्टर आजारी असताना तोंड उघडत नाही, यात नवल नाही.

पण त्याच कायद्याचं कलम २२० प्रत्येकाच्या खाजगीपणाचं रक्षण करतं, आणि कलम ६३० वरिष्ठांना कुणाकडूनही मनातलं वदवून घ्यायला मनाई करतं. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ आहे: रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची. मदरला रुग्णाच्या मनातलं विचारायचा अधिकार नाही, आणि डॉक्टरला ते सांगायचा नाही. त्या सिस्टरांना मी हे समजावून सांगितलं, कागदावर लिहून दिलं, आणि त्या तज्ज्ञांकडे गेल्या.

नाशिक धर्मप्रांतात काम करणाऱ्या संस्थांच्या प्रोव्हिन्शियलांना, म्हणजे प्रांतप्रमुखांना, माझं सांगणं थोडक्यात आहे. प्रत्येक सिस्टरच्या, प्रत्येक फादरच्या नावावर आरोग्यासाठी वर्षाला एक ठरावीक रक्कम ठेवा, आणि ती कोणत्या डॉक्टरवर खर्च झाली ते विचारू नका. समुपदेशक संस्थेबाहेरचा असू द्या, तुमचा नातेवाईक किंवा तुमचा जुना विद्यार्थी नको. मिशनवर एकट्या राहणाऱ्या फादरांना आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या फादरांबरोबर राहता येईल अशी सोय करा. गाडीचं डिझेल लागेल, लागू द्या. सोडून जाणाऱ्यांना किती आणि काय द्यायचं ते आधीच लिहून जाहीर करा. आणि केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर मराठीतही चालते, दिवसरात्र. तो नंबर कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात, फादरांच्या जेवणघरात, सुट्ट्यांच्या यादीशेजारी लावून ठेवा.